अंगमर्दनाचा व्यवसाय आणि जपानांतील अंधजन

नरकचतुर्दशीच्या पहांटे तेलाची वाटी ऊन करून घरांतील वडील माणूस मुलांच्या अंगाला तेल चोळूं लागलें, म्हणजे त्या कामास कोणी हलकें समजत नाहीं. बाळंतिणीला व तान्ह्या मुलाला तेल लावणारी बाई एखाद्या सकाळीं आली नाहीं, तर सारें घर अस्वस्थ होतें. तालमींत वस्ताद आपल्या पठ्ठ्याच्या खांद्यावर स्वतः हात चालवितो, आणि त्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं. परंतु त्याच घरांतील मुलानें शाळेची शेवटची परीक्षा उतरल्यावर आपण अंगमर्दनाचा व्यवसाय करणार असें सांगितलें, तर आई वडिलांच्या तोंडाकडे पाहूं लागते व वडील वर्तमानपत्रांत तोंड घालतात. अंगाला हात लावून पैसे मिळविणें हें सुशिक्षितांचें काम नव्हे, अशी एक समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. बाजारांत या धंद्याच्या नांवाखालीं चालणाऱ्या भलत्यासलत्या प्रकारांनीं ती समजूत अधिकच घट्ट केली आहे, हेंहि कबूल केलें पाहिजे.

या व्यवसायाचा नीट विचार करावयाचा असेल तर जपानकडे पाहावें. त्या देशांत कित्येक शतकें हें काम मुख्यतः दृष्टिहीनांच्या हातीं राहिलें. त्याला शाळा मिळाल्या, परीक्षा मिळाली, सरकारी सनद मिळाली. आणि अगदीं अलीकडे, म्हणजे २०२२ सालीं, हा धंदा कोणीं करावा या प्रश्नावर तेथील सर्वोच्च न्यायालयाला निर्णय द्यावा लागला. एखादा व्यवसाय दुर्बळांसाठीं राखून ठेवणें हें त्यांच्यावर उपकार करणें कीं त्यांना एका कोपऱ्यांत बसविणें, हा त्या निर्णयामागचा खरा वाद आहे, आणि तो आपल्यालाहि परका नाहीं.

प्रथम हें काम असतें तरी काय तें पाहूं. जपानांतील जुन्या पद्धतीला 'आन्मा' म्हणतात. शब्द मूळचा चिनी. दाबणें व चोळणें हा त्याचा अर्थ. आन्मा करणारा तेल वापरीत नाहीं. माणूस पातळ वस्त्र अंगावर ठेवूनच निजतो, आणि त्या वस्त्रावरून अंगमर्दकाचे हात फिरतात. हातांची दिशा शरीराच्या मध्यापासून हातापायांच्या टोंकांकडे असते. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतून जपानांत आलेलें 'मसाज' बरोबर याच्या उलट. तें उघड्या त्वचेवर, तेल किंवा पूड लावून, टोंकांकडून हृदयाकडे करावयाचें. हॉलंडमधील डॉक्टर योहान मेत्झ्गर (१८३८–१९०९) व त्याचे शिष्य यांच्यामुळें या युरोपीय क्रियांची जी वर्गवारी रूढ झाली तिचीं फ्रेंच नांवें आजहि विद्यार्थी घोकतात. 'एफ्लुराज' म्हणजे तळहातानें लांब लांब हात फिरविणें. 'पेत्रिसाज' म्हणजे कणीक तिंबावी तसे स्नायु मळणें. 'तापोतमाँ' म्हणजे हाताच्या कडेनें भरभर थापट्या देणें. आपल्याकडील नाभिकाच्या किंवा पैलवानाच्या हातांत या तिन्ही क्रिया पूर्वींपासून आहेत. फक्त त्यांना कोणीं फ्रेंच नांवें दिलीं नाहींत इतकेंच. तिसरा प्रकार 'शिआत्सु'. यांत चोळणें जवळजवळ नाहींच. अंगठ्यांनीं व बोटांनीं ठराविक जागीं सरळ दाब द्यावयाचा. तोकुजिरो नामिकोशी (१९०५–२०००) यानें संधिवातानें पिडलेल्या आपल्या आईचे सांधे लहानपणीं दाबतां दाबतां ही रीत बसविली असें सांगतात, आणि पुढें तिची शाळा काढली. जपानच्या कायद्यांत या तिहींची मिळून एकच सनद असते.

क्रिया सांगावयास सोप्या, करावयास अवघड. हाताखालीं कोणता स्नायु आहे, तो कोठून निघून कोठें चिकटतो, त्याच्या शेजारून कोणती शीर जाते, हें ज्याला ठाऊक नाहीं त्यानें दुसऱ्याच्या अंगाला हात लावूं नये. पोटरी दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या खोल शिरेंत रक्ताची गुठळी असली, तर ती चोळण्यानें सुटून फुप्फुसांत जाऊन अडकूं शकते व माणूस दगावूं शकतो. एकच पाय सुजलेला, ऊन व दुखरा दिसला तर हात आवरून डॉक्टरकडे पाठविणें, हा या विद्येंतील पहिल्या धड्यांपैकीं एक होय. ताप, त्वचेचा संसर्ग, नुकतेंच मोडलेलें हाड, वृद्धापकाळीं ठिसूळ झालेलीं हाडें, या ठिकाणींहि तसाच विवेक लागतो. या धंद्यांतील अज्ञानी लोक चरबी वितळविण्याच्या व शरीरांतील विष बाहेर काढण्याच्या गोष्टी सांगतात त्यांत तथ्य नाहीं. आंखडलेली मान सैल होते, कंबरदुखीला कांहीं दिवस उतार पडतो, मनाचा ताण कमी होऊन झोंप बरी लागते, इतकें मात्र खात्रीनें सांगतां येतें. आणि तेवढें कांहीं थोडें नाहीं.

करणाऱ्याच्या शरीराचाहि विचार हवा. दिवसांतून अनेक माणसांचें अंग दाबणाऱ्याचा अंगठ्याचा सांधा, मनगट व कंबर हीं प्रथम कुरकुरूं लागतात. म्हणून चांगला शिक्षक शिष्याला पहिल्या वर्षीं बोटांचा जोर वापरूं देत नाहीं. कोपर सरळ ठेवून सबंध देहाचा भार हळूहळू पुढें झुकवावयाचा, म्हणजे दाब आपोआप उतरतो, हें तो पुन्हा पुन्हा करवून घेतो. ज्याला ही युक्ति साधत नाहीं त्याचे हात चाळिशीपूर्वींच थकतात.

आतां हें काम आंधळ्यांकडे कसें गेलें तें पाहावयाचें. देवानें आंधळ्याला स्पर्शाची जादा देणगी दिली आहे ही समजूत अर्धीच खरी आहे. बोटांची तीक्ष्णता जन्मानें येत नाहीं, वापरानें येते. ज्याला सबंध दिवस बोटांनींच जग ओळखावें लागतें त्याचीं बोटें तरबेज होतात, आणि हाताखालचा स्नायु पाहण्यास डोळ्यांचा उपयोग तसाहि नसतो. हें पटण्यासारखें कारण आहे. परंतु जपानांत हा धंदा अंधांच्या हातीं टिकला तो एवढ्यानें नव्हे, तर संघटनेनें.

मध्ययुगापासून तेथें अंध पुरुषांचा एक संघ होता. त्याचें नांव 'तोदोझा'. प्रारंभीं त्यांत बिवा नांवाचें तंतुवाद्य वाजवून हेइके घराण्याच्या युद्धकथा गाणारे चारण असत. पुढें त्यांत कोतोवादक आले, सूचिचिकित्सक आले, अंगमर्दक आले. संघांत पदव्यांची उतरंड होती. अगदीं वर 'केन्ग्यो', आणि खालच्या पायऱ्यांपैकीं एक 'झातो'. (ज्यांनीं झातोइचि या आंधळ्या तरवारबहाद्दराचे बोलपट पाहिले असतील त्यांनीं लक्षांत ठेवावें, कीं त्याच्या नांवांतील पूर्वार्ध ही त्याची पदवी आहे, आणि पोट भरण्याचा त्याचा धंदा अंगमर्दनच आहे.) या पदव्या पैसे भरून विकत घ्याव्या लागत, आणि संघाच्या सभासदांना सावकारी करण्याचीहि मुभा शोगुनांच्या राज्यांत होती. म्हणजे संघ कांहीं साधुसंतांचा नव्हता. गरिबांना त्यांतील वरच्या सभासदांचा जाच होई, आणि अंध स्त्रियांना तर त्यांत जागाच नव्हती; त्या 'गोझे' नांवाच्या निराळ्या मेळ्यांतून गाणीं गात गांवोगांव हिंडत. पण आंधळा मनुष्य भिकारी नसून धंदेवाला आहे, ही गोष्ट या संघानें लोकांच्या अंगवळणीं पाडली. रात्रीं गल्लींतून बारीक शिट्टी वाजवीत, काठी टेंकीत जाणारा अंध अंगमर्दक हें जपानी शहरांतील नेहमींचें दृश्य होऊन बसलें. शिट्टी ऐकली म्हणजे दिवसभर राबलेला दुकानदार दार उघडून त्याला आंत बोलावी.

या परंपरेंतील सर्वांत मोठें नांव सुगियामा वाइचि याचें. त्याचा जन्म १६१० सालचा, सामुराई घराण्यांतला. लहानपणींच आजारानें त्याचे डोळे गेले. वंशपरंपरेची तरवार हातांतून गेली तेव्हां हा मुलगा एदो शहरीं, म्हणजे आजच्या तोक्योस, सूचिचिकित्सा शिकावयास गेला. तेथें त्याचें पाठांतर होईना, हात वळेना. गुरूनें शेवटीं त्याला परत पाठविलें. यानंतरची हकीकत आख्यायिकेच्या रूपानें सांगतात. एनोशिमा बेटावर बेन्तेन देवीचें स्थान आहे. बेन्तेन म्हणजे आपलीच सरस्वती. बौद्ध धर्माच्या वाटेनें ती चीनमधून जपानांत गेली व तेथें विद्येची, संगीताची आणि सुदैवाचीहि देवता होऊन बसली. तिच्या गुहेंत सुगियामा उपास करीत बसला. व्रत संपवून परततांना एका दगडाला ठेंच लागून तो पडला व त्याला कांहीं तरी टोंचलें. चांचपून पाहतो तों एका पोकळ नळींत शिरलेली पाइन वृक्षाची सुई.

आख्यायिका कशीहि असो, तिच्यांतून निघालेली वस्तु खरी आहे. सुईपेक्षां किंचित् आंखूड अशी एक बारीक नळी घ्यावयाची, ती त्वचेवर नेमक्या जागीं टेंकावयाची, तींत सुई सोडावयाची आणि वर उरलेल्या टोंकावर बोटानें टिचकी मारावयाची. सुई वांकत नाहीं, घसरत नाहीं, वेदनाहि फारशी होत नाहीं. आणि मुख्य म्हणजे हें सारें करण्यास डोळे लागत नाहींत. आज जगभर सूचिचिकित्सक ही नळी वापरतात, आणि त्यांपैकीं पुष्कळांना ती एका मंदबुद्धि ठरविलेल्या आंधळ्या शिष्यानें शोधली हें ठाऊक नसतें.

सुगियामाची कीर्ति शोगुन त्सुनायोशि याच्या कानीं गेली. त्याच्या औषधोपचारानें शोगुनाला बरें वाटलें, तेव्हां तुला काय हवें असें शोगुनानें विचारलें. सुगियामा म्हणाला, एक डोळा. शोगुनाजवळ तो नव्हता. म्हणून त्यानें त्याला एदोंतील होन्जो भागांत 'हितोत्सुमे' नांवाच्या ठिकाणीं जमीन दिली. या नांवाचा अर्थ 'एक डोळा' असाहि होतो. हा विनोद कीं करुणा, हें जपानी लोकांनीं आजवर ठरविलेलें नाहीं. पण सुगियामानें १६८० नंतरच्या दशकांत अंधांना अंगमर्दन व सूचिचिकित्सा रीतसर शिकविण्याचें विद्यालय काढलें, आणि त्याच्यामागून त्याच्या शिष्यांनीं इतर प्रांतांतूनहि तशीं विद्यालयें चालविलीं. पॅरिसमध्यें व्हालान्तें आउई यानें अंधांची प्रसिद्ध शाळा काढली ती यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं. सुगियामा १६९४ सालीं वारला.

१८६८ सालीं शोगुनांचें राज्य गेलें व मेइजी राजवट आली. नव्या सरकारला जुने संघ, जुने मक्ते नको होते. १८७१ सालीं तोदोझा मोडण्यांत आला. पदव्या गेल्या, सावकारीचें संरक्षण गेलें, आणि अंगमर्दन हा ज्याला येईल त्याचा धंदा झाला. सुधारणेच्या धामधुमींत आंधळ्यांची भाकरी कोणाच्या लक्षांत आली नाहीं. पुढें तीच राजवट हळूहळू दुसऱ्या वाटेनें परतली. १८७८ सालीं क्योतो येथें अंध व मुक्या-बहिऱ्यांची शाळा निघाली. १८९० सालीं इशिकावा कुराजि यानें ब्रेल लिपि जपानी भाषेस बसवून दिली. १९११ सालीं अंगमर्दन व सूचिचिकित्सा यांना सरकारी परवाना लागूं लागला. अंधशाळांतून हें शिक्षण शरीरशास्त्रासह देण्यांत येऊं लागलें, आणि आन्मा करणारा प्रथमच पुस्तक वाचलेला माणूस झाला.

दुसरें संकट १९४७ सालीं आलें. युद्धानंतर जपानवर अमेरिकन लष्कराचा अंमल होता, आणि त्याच्या आरोग्याधिकाऱ्यांना सुया टोंचणें, औषधी पाल्याच्या वाती जाळून त्वचेला शेक देणें हे प्रकार रानटी वाटले. ते बंद करावे अशी त्यांची सूचना झाली. तेव्हां आंधळे रस्त्यावर आले. अंधशाळांतील विद्यार्थी व शिक्षक यांनीं अर्ज केले, मिरवणुका काढल्या. परिणामीं त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जो कायदा झाला, त्यानें या चिकित्सा बंद न करितां त्यांना परीक्षा व सनद लावून दिली. तो कायदा दुरुस्त्यांसह आजहि चालू आहे.

यानंतर मात्र धोका सरकारकडून नव्हे, शेजाऱ्याकडून आला. देश श्रीमंत होऊं लागला तसे डोळस तरुणहि या धंद्यांत शिरूं लागले. डोळसाला दुकान मोक्याच्या जागीं थाटतां येतें, जाहिरात करतां येते, घरोघर भरकन् जातां येतें. आंधळ्याला तें जमत नाहीं. म्हणून १९६४ सालीं कायद्याला एक कलम जोडण्यांत आलें. अंध अंगमर्दकांची उपजीविका फार कठीण होऊं नये म्हणून जरूर तर, डोळसांना अंगमर्दन शिकविणाऱ्या नव्या शाळांना किंवा जादा जागांना सरकार परवानगी नाकारूं शकेल, असा त्याचा आशय. डोळसांना धंदा बंद केला नाहीं. फक्त त्यांच्या शाळांची वाढ रोखून धरली. एवढें करूनहि प्रमाण पालटलेंच. १९६० च्या सुमारास सनदी अंगमर्दकांत अर्ध्याहून अधिक दृष्टिहीन होते. २०१४ च्या सुमारास त्यांचें प्रमाण चौथाईच्याहि खालीं आलें होतें. डोळसांच्या नव्या वर्गाला परवानगी नाकारली म्हणून एका शिक्षणसंस्थेनें सरकारवर फिर्याद केली. व्यवसायस्वातंत्र्याचा भंग होतो असें तिचें म्हणणें. ७ फेब्रुवारी २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें अमान्य केलें व १९६४ चें कलम घटनेशीं सुसंगत ठरविलें.

कोरियांत हाच प्रश्न याहून तीव्र झाला. जपानी अमलांत तेथें अंधांना अंगमर्दन शिकविण्याची प्रथा गेली, आणि पुढें दक्षिण कोरियांत ही सनद केवळ दृष्टिहीनांनाच देण्याचा नियम झाला. मे २००६ मध्यें तेथील घटना-न्यायालयानें तो नियम रद्द ठरविला. डोळसांचें व्यवसायस्वातंत्र्य हिरावतें, आणि असा निर्बंध कायद्यांत नसून नुसत्या मंत्रालयाच्या नियमांत आहे, हीं त्याचीं कारणें. निकाल कळतांच राजधानींत अंध अंगमर्दकांनीं मापो पुलावर धरणें धरलें आणि त्यांतील कांहींनीं हान नदींत उड्या घेतल्या. ज्याला पोहतां येतें कीं नाहीं याचा विचारहि न करितां न दिसणाऱ्या पाण्यांत उडी घ्यावीशी वाटते, त्याच्या मनांत भाकरीची भीति किती खोल असेल, हें सांगावयास नको. कांहीं महिन्यांतच संसदेनें तो निर्बंध नियमांतून उचलून खुद्द कायद्यांत घातला. तो पुन्हा न्यायालयापुढें गेला, आणि ३० ऑक्टोबर २००८ रोजीं त्याच न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं तो ग्राह्य धरला. दृष्टिहीनांना बहुधा हा एकच धंदा मोकळा आहे, डोळसांना शंभर आहेत, असें बहुमताचें म्हणणें.

दुसऱ्याच दिवशीं, ३१ ऑक्टोबरला, तैवानच्या न्यायाधीशमंडळानें जवळजवळ तशाच कायद्यावर नेमका उलटा निकाल दिला. अंधांच्या संरक्षणाचा हेतु योग्य. पण त्यासाठीं दुसऱ्या सर्वांना अंगमर्दनाचा धंदा वर्ज्य करणें हा अतिरेक आहे, आणि त्यानें अंधांची स्थिति खरोखर सुधारलेलीहि नाहीं, असें त्यानें ठरविलें. व्यवस्था करण्यास सरकारला तीन वर्षांची मुदत मिळाली. एका दिवसाच्या अंतरानें दोन शहाण्या न्यायपीठांनीं एकाच प्रश्नाचीं दोन उत्तरें द्यावीं, यावरून प्रश्न किती अवघड आहे तें दिसतें.

कोरियन न्यायालयाच्या बहुमताचें बोलणें पोटाच्या दृष्टीनें खरें आहे. परंतु त्यांत एक गोष्ट राहून जाते. ज्या देशांत आंधळ्या मुलाला एकच धंदा राखलेला असतो, त्या देशांत तो मुलगा सहा वर्षांचा असतांनाच तो मोठेपणीं काय होणार हें शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असतें. त्याला गणित आवडतें कीं संगीत, हात दणकट आहेत कीं नाजूक, अनोळखी माणसाचें अंग दाबणें त्याला रुचेल कीं नाहीं, हें विचारण्याचें कारणच उरत नाहीं. आपल्याकडे आंधळ्या मुलाच्या हातीं पेटी द्यावी, वेत विणावयास बसवावें, असें म्हणणाऱ्यांनाहि हें लागू आहे. जपानचा १९६४ चा मार्ग त्या मानानें मधला वाटतो. त्यांत कोणाला दार लावलेलें नाहीं, एकाला उंबरा थोडा उंच केला आहे. त्या देशांत आज दृष्टिहीन तरुण वकील आहेत, शिक्षक आहेत, संगणकाचीं कामें करणारेहि आहेत, आणि अंधशाळांतील अंगमर्दनाच्या वर्गांत पूर्वींइतके विद्यार्थी येत नाहींत, ही गोष्ट दुःखाची मानण्याचें कारण नाहीं.

इंग्लंडनें आणखी निराळी वाट धरली. तेथें १८९४ सालीं लंडनमधील मसाजच्या नांवाखालीं चाललेल्या अनीतीच्या घरांविषयीं वैद्यकीय नियतकालिकांत बोभाटा झाला. आपलें प्रामाणिक काम या चिखलांत बुडतें असें पाहून चार परिचारिकांनीं त्याच वर्षीं प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. कडक परीक्षा, डॉक्टरच्या सांगण्यावांचून उपचार नाहीं, जाहिरातबाजी नाहीं, असे तिचे नियम. १९२० सालीं तिला राजाची सनद मिळाली, आणि आजची फिजिओथेरपीची इंग्रज संस्था ती हीच. पहिल्या महायुद्धांत डोळे गमावलेल्या सैनिकांसाठीं आर्थर पिअर्सन या स्वतः दृष्टि गेलेल्या वृत्तपत्रमालकानें १९१५ सालीं सेंट डन्स्टन्स हें वसतिगृह काढलें. तेथील पुष्कळ सैनिक अंगमर्दन शिकले आणि डोळसांच्याच परीक्षेला बसून उतरले. त्यांच्यासाठीं धंदा राखला नाहीं. पुस्तकें ब्रेलमध्यें करून दिलीं, सांगाडा हातांनीं चांचपून शिकूं दिला, आणि प्रश्नपत्रिका तीच ठेवली.

आपल्याकडील स्थिति या सर्वांहून वेगळी आहे. केवळ अंगमर्दन करण्यास भारतांत जपानसारखी सरकारी परीक्षा नाहीं. कोणीहि पाटी लावूं शकतो, आणि म्हणूनच चांगला व वाईट यांतील फरक गिऱ्हाइकाला कळत नाहीं. फिजिओथेरपीचें तसें नाहीं. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मुंबईला परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत तिचें विद्यालय जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें निघालें, आज तिचे पदवीचे अभ्यासक्रम अनेक विद्यापीठांत आहेत, आणि २०२१ च्या कायद्यानें या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाच्या देखरेखीखालीं आणलें आहे. अहमदाबादच्या अंधजन मंडळानें दृष्टिहीनांनाहि हें शिक्षण दिलें आहे. तेव्हां ज्या घरांतील मुलाला वा मुलीला या कामाची खरी ओढ असेल, त्या घरानें प्रथम विचारावें तें हें कीं शरीरशास्त्र किती तास शिकवितात, रोग्यावर हात ठेवण्याचा सराव कोणाच्या नजरेखालीं होतो, आणि कोणत्या रोग्याला हात लावूं नये हें परीक्षेंत विचारतात कीं नाहीं. पंधरा दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गाकडे पाठ फिरवावी. मुलगा चार तास उभा राहूं शकतो काय, दुसऱ्याच्या घामाची त्याला किळस येते काय, गिऱ्हाइकानें सांगितलेलें तो चारचौघांत बोलून दाखवितो काय, हेंहि घरच्यांना मार्कांच्या कागदापेक्षां अधिक चांगलें ठाऊक असतें.

जपानांत आज या सनदेसाठीं शाळा संपल्यावर तीन वर्षें शिकावें लागतें, आणि मग राष्ट्रीय परीक्षा. उतरलेले दृष्टिहीन कोणी स्वतःचें दुकान काढतात, कोणी रुग्णालयांत किंवा वृद्धांच्या घरीं जातात. कांहींना मोठ्या कंपन्या पगारावर ठेवतात; कचेरीच्याच इमारतींत एका खोलींत कारकुनांच्या आंखडलेल्या माना व पाठी सैल करणें हें त्यांचें काम. सनद नसतांना निराळ्या नांवानें दुकानें मांडणारे लोक तेथेंहि पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांची स्पर्धा अंधांना डोळस सनदधारकांपेक्षां अधिक बोंचते.

तोक्योमध्यें सुमिदा नदीच्या पूर्वेस, शोगुनानें दिलेल्या त्या 'एका डोळ्याच्या' जागीं, बेन्तेन देवीचें व सुगियामाचें देऊळ आहे. तेथें एनोशिमासारखी एक लहानशी गुहा केली आहे, आणि आवारांत सुगियामाच्या स्मरणार्थ उभारलेली एक शिळा आहे. तिच्यावरील मजकूर ब्रेल लिपींत उठविलेला असून येणारे अंगमर्दक तो बोटांनीं वाचतात.